मे महिना, मुरमाचा ट्रॅक आणि बंद काचा

सोलापूरच्या माणसाला उन्हाचं फार सांगायला जाऊ नये. एप्रिल निम्मा सरला की पारा 42-43 वर जाऊन बसतो आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत खाली उतरायचं नाव घेत नाही. दुपारी नवी पेठेतसुद्धा शुकशुकाट असतो, आणि ज्याला बाहेर पडावंच लागतं तो डोक्याला टॉवेल गुंडाळून निघतो. त्यामुळे विजापूर रोडच्या बाजूला एका माळावर आम्ही भर मे महिन्यात गाड्या पळवतो असं सांगितलं, की लोक कुठली गाडी, किती स्पीड वगैरे विचारत नाहीत. ‘डोकं ठिकाणावर हाय का?’ एवढंच विचारतात.

मे महिनाच का, तर जागेमुळे. माळ मुरमाचा आहे, पण तिथं जायची वाट काळ्या रानातून जाते. एक चांगला पाऊस झाला की त्या चिखलातून ट्रॅक्टर निघणं मुश्कील, तिथं आमच्या गाड्या कुठल्या निघतात! रब्बीची ज्वारी निघून कडबा हलला की रान मोकळं होतं, मालक हो म्हणतो, आणि पेरणीची गडबड सुरू व्हायच्या आत आम्हाला आवरतं घ्यावं लागतं. म्हणजे वर्षातला सगळ्यात तापलेला काळ तोच आमचा हंगाम. किलोमीटरभराचा वळणावळणाचा ट्रॅक, कडेला टायर रचलेले, पंधरा-पंधरा मिनिटांची सेशन्स, आणि शेवटी घड्याळ लावून एकेकाची फेरी. बक्षीस नाही, तिकीट नाही. पण हेल्मेट, आगीपासून वाचवणारा सूट, चार पट्ट्यांचा हार्नेस आणि उभी अॅम्ब्युलन्स याशिवाय कुणाला आत सोडत नाही. मुरमावर गाडी पलटायला वेळ लागत नाही.

आणि काचा बंद. डांबरी ट्रॅकवर बऱ्याच ठिकाणी काचा खाली ठेवून गाडी चालवतात, निदान वारा तरी लागतो. मुरमावर काच बोटभर जरी उघडी राहिली तरी दोन फेऱ्यांत डॅशबोर्डवर, पापण्यांवर, दातांवर धुरळा बसतो. एसीही बंद, कारण कॉम्प्रेसर इंजिनाची ताकद खातो आणि एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसलेला असतो. तो तापला की रेडिएटरला मिळणारी हवा आधीच गरम होऊन येते. म्हणजे बाहेर 43, आत त्याहून जास्त, अंगावर दोन पदरी सूट, डोक्यावर बालाक्लावा, म्हणजे डोळे सोडून सगळं झाकणारी कापडी टोपी, आणि वर हेल्मेट. या सगळ्यात मन आणि हात जाग्यावर ठेवायचे.

आमच्या गाड्यांचं बघणारे अण्णा एमआयडीसीत गॅरेज चालवतात. वय सत्तरीकडे झुकलेलं, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकचं बॉनेट उघडून ते एकदा म्हणाले होते, “गाडीला काटा हाय बघ. तापली की दाखवतंय. तुला कुठं हाय काटा?” मला वाटतं या सगळ्या प्रकारात कुणी मला सांगितलेलं हे सगळ्यात कामाचं वाक्य. उन्हात गाडीच्या आधी ड्रायव्हर ढिला पडतो, आणि तो ढिला पडलाय हे ज्या डोक्यानं ओळखायचं तेच डोकं तापलेलं असतं. तेव्हा जे काही ठरवायचं ते थंड असताना ठरवून ठेवायचं, आणि थांबायचं केव्हा हे दुसऱ्यानं सांगायचं. बाकीची सगळी तयारी त्याच्या पोटात येते.

गाडीचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. मुरमाच्या ट्रॅकवर गाडी दुसऱ्या गिअरच्या वर फारशी जात नाही. इंजिन ओरडत असतं, पण गाडीचा वेग कमी असल्यामुळे रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. सगळा भार पंख्यावर. त्यात जाळीत धुरळा आणि कडब्याची कुसळं अडकलेली. अण्णा रेडिएटर आतून बाहेरच्या दिशेनं, पाण्याचा जोर कमी ठेवून धुतात. बाहेरून जोरात पाणी मारलं की घाण आणखी आत बसते आणि पत्र्याच्या पाती वाकतात. रेडिएटरमध्ये कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं. नुसतं पाणी उष्णता चांगली ओढतं हे खरं, पण उकळतंही लवकर आणि आत गंजही धरतं. झाकणाचं रबर दरवर्षी नवीन. ते झाकण दाब धरून ठेवतं म्हणूनच कूलंट 100 अंशांना उकळत नाही, आणि म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडायला गेलेल्या माणसाचा हात भाजतो.

ब्रेक ऑइलकडे लोकांचं लक्ष नसतं. ते हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट 4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये असा त्याचा मापदंड आहे, तर ओल धरलेल्यासाठी तोच आकडा 155 वर येतो. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला जुनं सगळं काढून नवं भरायचं. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. सेशन संपलं की हँडब्रेक लावायचा नाही, तापलेले लायनर ड्रमला चिकटतात. चाकाखाली दगड लावायचा.

टायरमध्ये सकाळी सहाला भरलेली हवा दुपारी दोनला तेवढीच दाखवत नाही. दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय (टायरमधल्या दाबाचं माप) वाढते. सकाळचे 27 अंश आणि दुपारचे 43 एवढ्यानंच दोनेक पीएसआय चढतात, टायर पळून तापतो ते वेगळंच. दुपारी हवा काढली असेल तर संध्याकाळी घरी निघताना परत भरायची, नाहीतर हायवेला मऊ टायर घेऊन जाणं म्हणजे संकटाला बोलावणं. गाडी दुपारी मंद वाटते ती मात्र खरोखर मंद असते, मनाचे खेळ नसतात. 25 अंशांच्या मानानं 43 अंशांची हवा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ असते. इंजिनाला तेवढा प्राणवायू कमी.

आणि हीटर. काटा निम्म्याच्या वर सरकला की अण्णांचा हुकूम असतो, हीटर फुल लाव. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही चेष्टा वाटते. पण हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला छोटा रेडिएटरच. तो उघडला की इंजिनाची थोडी उष्णता तिकडे वळते आणि काटा एक-दोन रेघा खाली येतो. ती उष्णता जाते कुठं? थेट तुमच्या गुडघ्यांवर आणि तोंडावर. 43 अंशांत, बंद काचांच्या आत, सूट घालून हीटर लावलेल्या माणसाचं तोंड एकदा बघण्यासारखं असतं. माझा नियम असा, की हीटर लावायची वेळ आली तर ती फेरी शेवटची. तेवढी फेरी सावकाश पुरी करून आत यायचं. गाडी वाचवायला मी शिजण्यात काही अर्थ नाही, गाडीचं गॅस्केट अण्णा बदलू शकतात.

आता माणसाचं.

शरीराला ऊन अंगवळणी पडतं ही नुसती म्हण नाही. आठवडा-दोन आठवडे रोज तासभर उन्हात घाम गाळला की रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, आणि तेवढ्याच कामाला नाडीचे ठोके कमी लागतात. ओळखीच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, मी इथंच जन्मलो, मला काय वेगळं करायचंय? ते म्हणाले, “जन्मला सोलापुरात, पण दिवसभर बसता एसीत.” हे बाकी खरं होतं. दुकानात एसी, घरी कूलर, गाडीत एसी. मग एप्रिलपासून संध्याकाळी पाचला, ऊन अजून पाठीवर असताना सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं भरभर चालायला सुरुवात केली. पहिले काही दिवस डोकं ठणकायचं. नंतर जाणवायला लागलं की घरातून निघाल्यावर पाच मिनिटांतच पाठ ओली होतेय, आणि परत आल्यावर पूर्वीसारखं आडवं पडावं लागत नाही. हे कमावलेलं फार टिकत नाही, दोन-तीन आठवडे एसीत बसलं की बरंचसं जातं. म्हणून आमच्यातले जे पुण्या-मुंबईहून थेट शनिवारी रात्री येऊन रविवारी ट्रॅकवर उतरतात त्यांची मला काळजी वाटते. डॉक्टरांनी आणखी एक विचारलं होतं ते इथं सांगायलाच हवं: बीपीच्या, लघवी जास्त होण्याच्या, सर्दीच्या गोळ्या चालू आहेत का? यातल्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो किंवा अंगातलं पाणी उतरतं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, विचारून घ्यायचं.

पाणी आदल्या दिवसापासून. सकाळी उठून दोन लिटर ढोसून ते होत नाही, ते सगळं बाथरूममध्ये जातं. लघवीचा रंग फिकट लिंबासारखा असेल तर ठीक, गडद असेल तर आज गाडीत बसू नये. ट्रॅकवर मी ओआरएस घेतो, लिटरभर पाण्यात एक मोठं पाकीट, त्याहून घट्ट नाही. चव आवडत नाही म्हणून अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट टाकणारे महाभाग बघितलेत; त्यानं तहान वाढते, पोट बिघडतं. पाकीट नसेल तर लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. नुसतं पाणीच पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही आणि रक्तातलं सोडियम घसरतं, तेही वाईटच. आई एका मोठ्या बरणीत जिरं-मीठ घातलेलं पातळ ताक देते, ते दुपारच्या जेवणाला. थंडगार कोल्ड्रिंक आणि चहाचे कपावर कप हे मी त्या दिवशी बंद ठेवतो. काहींना चालतं, मला नाही.

वजनकाटा हे सगळ्यात स्वस्त यंत्र. सेशनच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, एकाच कपड्यात उभं राहायचं. किलोभर कमी झालं म्हणजे साधारण लिटरभर घाम गेला. वजनाच्या दोन टक्के गेले की माणूस चुका करायला लागतो. माझं वजन 74, म्हणजे दीड किलोला आमची रेघ.

सुटाच्या आत काय घालायचं यावर आमच्यात भांडणं होतात. पॉलिस्टरचा जिमचा टीशर्ट अजिबात नाही, आग लागली तर तो वितळून कातडीला चिकटतो. सुती बनियन चालतं. पण खरी चैन म्हणजे थंड पाण्याचा शर्ट. बाहेर तो विकत मिळतो आणि किंमत ऐकून घाम फुटतो. आम्ही तो सोलापुरात बनवला. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या ओळखीच्या कारखान्यात एका मावशींनी सुती टीशर्टवर सिलिकॉनची बारीक नळी नागमोडी शिवून दिली, छातीवर आणि पाठीवर. हार्नेसचा पट्टा जिथं येतो तिथं नळी घ्यायची नाही हे त्यांना समजावायला मी हार्नेसच घेऊन गेलो होतो. त्या म्हणाल्या, “पट्टा बसंल तितं दबून पानी थांबंल, व्हय की नाय?” दोन मिनिटांत त्यांना सगळं कळलं होतं. नळी गेली थर्माकोलच्या खोक्यात, खोक्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि थोडं पाणी, आणि 12 व्होल्टवर चालणारा कूलरचा छोटा पंप. काच धुवायच्या वायपरचा पंप आधी लावून बघितला होता, तो सतत चालण्यासाठी नसतोच, जळाला. गाडीतून पटकन बाहेर पडावं लागलं तर नळी एका झटक्यात सुटायला पाहिजे, म्हणून मध्ये दाबून सुटणारा जोड.

पंप सुरू झाल्यावर पाठीच्या मणक्यावरून पहिलं थंड पाणी सरकतं तेव्हा माणूस चक्क शहारतो, बाहेर 43 असताना. पण ते पाणी फार गार नको. कातडी आकसली की आतली उष्णता बाहेर यायची वाट बंद होते. म्हणून बर्फाचा चुरा भरण्यापेक्षा बाटल्या बऱ्या. त्या हळूहळू वितळतात, आणि शेवटी पितापण येतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची: बर्फ संपला की हाच शर्ट उलटा होतो. तापलेल्या गाडीत खोक्यातलं पाणी कोमट, मग गरम होत जातं आणि पंप इमानदारीत ते तुमच्या छातीवर फिरवत राहतो. तेव्हा पंप बंद करायचा. आणि हा घरगुती जुगाड आमच्या माळावरच्या सरावापुरता. अधिकृत शर्यतीत गाडी तपासणारे असलं काही आत येऊ देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

ज्याच्याकडे शर्ट नाही त्याला टॉवेल आहे. सोलापूरच्या चादरीइतकाच इथला टेरी टॉवेलही नावाजलेला, त्याला जीआय मानांकनसुद्धा आहे. तो ओला करून सेशनच्या मध्ये मानेवर, काखेत, मांड्यांवर ठेवायचा आणि समोर पंखा. आपल्याकडची हवा मे महिन्यात इतकी कोरडी असते की टॉवेल बघता बघता वाळतो, आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पुरता वाळला तर 580 किलोकॅलरी उष्णता नेतो. टपटप गळून खाली पडलेला घाम काहीच नेत नाही. नुसता पंखा मात्र उपयोगाचा नाही. कातडीचं तापमान 35 च्या आसपास, हवेचं 43. कोरड्या अंगावर तो वारा उलट तुम्हाला तापवतो.

हीच युक्ती घेऊन आमच्यातले काहीजण चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या सर्किटवर गेले होते, मीही होतो. आकडा आमच्यापेक्षा कमी होता, 37-38. पण समुद्राकडची दमट हवा. टॉवेल ओला तो ओलाच राहिला, घाम सुटत होता आणि वाळत नव्हता. तिथली पोरं आरामात होती आणि आम्ही सोलापूरचे ऊन खाल्लेले गडी सावलीत बसून हाशहुश करत होतो. तिथं बर्फाचाच आधार.

माळावरच्या दिवसाचं आता सांगतो. पहाटे साडेपाचला पोचायचं, सहाला पहिली गाडी. दहाला बंद, आणि परत साडेचारनंतर. मधले तास सुट्टी, असा नियम. पूर्वी दुपारीही चालायचं. धुरळा बसवायला टँकर येतो, त्यातलं पाणी मालकाच्या विहिरीचं, मचूळ, प्यायच्या कामाचं नाही. तरीही ते असं ओतणं माझ्या मनाला पटत नाही, खरं सांगतो. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि इथं आम्ही मुरमावर टँकर ओतणार. एका हंगामात आम्ही टँकर बंद केला, तर पुढच्या गाडीचा धुरळा इतका उडाला की मागच्याला वळण दिसेना. आता टँकर एकदाच, पहाटे, तेही फक्त वळणांवर. यावर अजून वाद चालू आहे.

गाडी उभी असताना स्टीअरिंग, सीट आणि हार्नेसच्या बकलवर ओलं बारदान टाकून ठेवायचं. उन्हात तापलेलं बकल मांडीला लागलं की सुटातूनसुद्धा चटका बसतो. पाने-हातोड्या पाण्याच्या बादलीत. हेल्मेट सावलीत, पालथं नाही, उताणं, म्हणजे आतला घाम वाळतो.

लोकांना वाटतं, ट्रॅकवर असताना जास्त त्रास होतो. माझ्या मते जास्त त्रास रांगेत होतो. गाडी पळत असते तेव्हा लक्ष वळणात असतं, आणि पंधरा मिनिटं निघून जातात. पण रांगेत तुम्ही पट्ट्यांनी बांधलेले, इंजिन चालू, काचा बंद, पुढचा कुणीतरी टायरला धडकलाय म्हणून सगळं थांबलंय. हातमोज्यांच्या आत बोटं भिजलेली. नाडी मनगटावरच्या घड्याळात 130 दाखवते आणि अजून तुम्ही क्लचसुद्धा सोडलेला नाही. म्हणून आम्ही रांगच मोडली. पुढे फक्त एक गाडी उरली की मगच हेल्मेट आणि पट्टे. तोवर सूट कमरेपर्यंत उतरवलेला, दार उघडं, छत्री वर. थांबायला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला तर पुन्हा खाली उतरायचं. यात वेळ जातो, सेशन्स कमी होतात, काही जण कुरकुरतात. कुरकुरू देत.

माझा काटा म्हणजे माझा मेहुणा. दर सेशननंतर तो दाराशी येतो आणि विचारतो, “दाजी, आज वार कुठला? किती फेऱ्या झाल्या? परवाच्या बिलाचे किती द्यायचेत?” उत्तर काय येतं याच्यापेक्षा ते यायला किती वेळ लागतो आणि मी चिडतो का, हे तो बघतो. मी चिडलो की पुढचं सेशन बंद. यात माझं मत विचारायचं नाही असं आमचं ठरलंय, सकाळी सहाला, डोकं थंड असताना. एकदा मी त्याला सांगत होतो की मी एकदम ठीक आहे, नाडी खाली आलीय, पाणी प्यालोय. तो म्हणाला, “तेच तर, दाजी. तुम्ही तिसऱ्यांदा सांगताय.” चावी त्याच्या खिशात गेली.

पुण्याहून आलेल्या एका पोराबरोबर असा कुणी नव्हता. साडेनऊची वेळ असेल. तो सेशन संपवून आत आला, गाडी नेहमीच्या जागेऐवजी टँकरला आडवी लावली आणि खाली उतरून सीटच्या खाली वाकून काहीतरी शोधायला लागला. “काय हरवलं बे?” म्हणून कुणीतरी विचारलं. हातमोजे सापडत नाहीत म्हणाला. हातमोजे त्याच्या हातात घातलेले होते. आम्ही एकमेकांकडे बघितलं. तोंड लाल, बोलणं जड, आणि चालताना पाय टाकायचा अंदाज चुकतोय.

हे दिसल्यावर विचार करत बसायचा नसतो. उष्माघातात आतलं तापमान 40 च्या पुढे जातं आणि डोकं भरकटतं. अशा वेळी जितकी मिनिटं शरीर तापलेलं राहील तितकं नुकसान. आधी गार करायचं, मग हलवायचं. चौघांनी त्याला गोठ्याच्या सावलीत नेलं, सूट कापावा लागला नाही, चेन ओढून निघाला. टँकरचा पाइप सरळ अंगावर धरला, जनावरांच्या पाण्याचा सिमेंटचा हौद होता त्यात त्याला गळ्यापर्यंत बसवला, खांद्याला धरून. शर्टांच्या खोक्यांतला सगळा बर्फ हौदात. एकानं डोकं धरलं, एक टॉवेलनं वारा घालत होता, एकजण 108 लावत होता, कारण आमच्या अॅम्ब्युलन्समधल्या माणसाला वाटत होतं आधी त्याला आत घालून निघावं. आमचे डॉक्टर त्या दिवशी तिथंच होते म्हणून बरं, ते म्हणाले, आधी हौद. पाणी त्यानं मागितलं तरी दिलं नाही, नीट गिळता येईल इतका शुद्धीवर आल्याशिवाय. काही वेळानं तो थरथरायला लागला आणि म्हणाला, “अरे, मी हौदात का आहे?” तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला. तरी दवाखान्यात नेलाच, कारण मूत्रपिंडं आणि यकृत यांचा त्रास नंतर कळतो. रक्ताचे रिपोर्ट बघून, एक रात्र ठेवून सोडला.

त्या दिवसापासून एकट्यानं येणाऱ्याला आत घेत नाही. सोबत एक माणूस पाहिजेच, आणि तो गाडीतला नाद नसलेला असेल तर आणखी चांगलं.

फॉर्म्युला वनवाल्यांचंही काही वेगळं नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये कतारला रात्रीची शर्यत होती, तरी लोगन सार्जंटला उष्णतेनं गाडी सोडावी लागली आणि एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. जगातले सगळ्यात तयारीचे ड्रायव्हर ते, मानेपासून पायापर्यंत व्यायामानं घडवलेले. त्यानंतर एफआयएनं, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेनं, नियम केला, की उष्मा निर्देशांक 31 च्या वर जायचा अंदाज असेल तर गाडीत ड्रायव्हरला गार ठेवायची व्यवस्था बसवलीच पाहिजे, आणि 2025 मध्ये सिंगापूरला तो पहिल्यांदा लागू झाला. मेहुण्यानं ही बातमी मला वाचून दाखवली आणि म्हणाला, “दाजी, 31 ला त्यांची हवा टाइट! आपल्याकडं 31 ला लोक स्वेटर शोधतात.” मी त्याला सांगितलं की तो आकडा नुसत्या पाऱ्याचा नाही, हवेतली ओल धरून काढलेला आहे. त्याला पटलं नाही. विनोद चांगला होता, तो कशाला सोडेल!

संध्याकाळी घरी आल्यावर लगेच बर्फाच्या पाण्यानं अंघोळ वगैरे मी करत नाही, साधं पाणी पुरतं. गेलेल्या दर किलोला दीड लिटर या हिशेबानं रात्रीपर्यंत थोडं थोडं पीत राहायचं. जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी, पातळ आमटी. मीठ त्यातून भरून निघतं. पोटऱ्यांत गोळे येत असतील तर दुसऱ्या दिवशी सराव नाही. झोप लागत नाही कधी कधी, अंगातली धग रात्री उशिरापर्यंत जात नाही, गच्चीवर पाणी मारून तिथंच पडतो.

राहिला सूट. घामानं, धुरळ्यानं तो इतका कडक होतो की उभा करून ठेवता येतो. थंड पाण्यात, सौम्य पावडरीत धुवायचा, कपडे मऊ करायचं लिक्विड घालायचं नाही, कारण त्याचा थर पेट घेतो. आणि उन्हात वाळत घालायचा नाही. सुटाचा नोमेक्स नावाचा धागा आगीत टिकतो, पण सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी कमजोर होत जातो. हे आईला पटत नाही. समोर गच्चीवर एवढं ऊन पडलेलं असताना मी तो सूट जिन्याखाली सावलीत का टांगतो, आणि दोन दिवस जिन्यात घामाचा वास का सहन करायचा, यावर दर मे महिन्यात आमचं वाजतं. परवा मी दुकानातून आलो तर सूट तारेवर होता, वर चादर टाकलेली. “घे, झाकलाय की तुझ्या उन्हापासून,” म्हणाली.